भरीत पार्टीसाठी पार्टी स्पीकर: क्लब १२० घ्यावा की स्टेज ३२०?

हतनूर
बठ्ठासले राम राम. थंडी पडली की यावल-रावेरकडे भरीत पार्ट्या सुरू होतील. वावरात ४० ते ६० माणसं, वीज नाही, संध्याकाळी सहापासून दहाच्या आत आवरेपर्यंत गाणी. शिवाय श्रावणात कानबाई (आमच्या खानदेशातली देवी) बसते तेव्हा दारासमोर गाणाऱ्या बायांना माइक लागतो, आणि वर्षातून दोन-तीनदा गच्चीवर घरचा कार्यक्रम. डीजे नकोय. स्वच्छ ऐकू यावं आणि शेवटच्या पंगतीपर्यंत पोचावं एवढंच.

जेबीएलचे दोन पार्टीबॉक्स डोळ्यासमोर आहेत. क्लब १२०: १६० वॅट, सव्वापाच इंची दोन वूफर (खालच्या पट्टीचे, बासचे स्पीकर), १२ तास बॅटरी, वजन ११ किलोच्या आसपास, वर दुमडणारी मूठ. स्टेज ३२०: २४० वॅट, साडेसहा इंची दोन वूफर, १८ तास बॅटरी, साडेसोळा किलो, चाकं आणि ओढायचा दांडा. दोन्हींची बॅटरी बदलता येते, दोन्ही आयपीएक्स४ (पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचाव).

मोठ्याचा आवाज खरंच दीडपट असतो का? १२ तास म्हणजे वावरात किती तास? आणि आपल्या काळ्या मातीच्या धुळीत काय होतं? वाहन बहुतेक वेळा मोटारसायकल.

आठ_इंची
वॅट दीडपट झाले म्हणून आवाज दीडपट होत नाही. १६० वरून २४० वॅट म्हणजे १.८ डेसिबलची वाढ. कानाला हा फरक कळतो, पण बारीक. 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट दहापट हवेत.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. समजा १ मीटरवर १०० डेसिबल आहेत. मग २ मीटरवर ९४, ४ वर ८८, ८ वर ८२, १६ वर ७६. घरात भिंती आवाज परत फेकतात म्हणून ही घट जाणवत नाही. वावरात तो गेला तो गेला. या हिशोबाने नुसत्या वॅटच्या फरकामुळे लहान स्पीकर १० मीटरवर जसा ऐकू येतो तसा मोठा १२ मीटरवर येईल. एवढ्यासाठी कोणी साडेपाच किलो जास्तीचं ओझं वाहू नये.

खरा फरक वूफरच्या पडद्यात आहे. साडेसहा इंची पडद्याचं क्षेत्रफळ सव्वापाचच्या दीडपट. ढोलकीचा डग्गा, संबळ किंवा डीजे मिक्समधला खालचा ठोका जेवढी हवा ढकलायला लावतो, तेवढी लहान पडद्याला जमत नाही. मग पडदा फाटू नये म्हणून स्पीकरमधलं सर्किट स्वतःच बास कापतं. लहान स्पीकर ४० टक्के आवाजावर भरदार वाटतो आणि ९० टक्क्यांवर नुसता किरकिरतो, तो यामुळे. बिघाड नाही, बचाव आहे. मोठा हे कापणं उशिरा सुरू करतो.

म्हणून आधी सांगा, तुमच्याकडे नाचतात का ऐकतात?

तापीकाठ
मी ३२० च्या बाजूने. ६० माणसांत वीस जरी नाचायला उठली तरी लहान डबा दमतो. माणसाचं अंग उंच पट्टीचा आवाज शोषतं, पुढची रांग उभी राहिली की मागच्यांना शब्द कळत नाहीत. मग आवाज वाढवायचा, मग बास कापला जातो, मग मजा जाते. नाच असेल तर साडेसहा इंचीच्या खाली जाऊ नका. बॅटरीही दुप्पट आहे.

पांझरा
तापीकाठ, नाचाचं बरोबर बोललात. पण चाकांवर भाळू नका. ती चाकं फरशी, डांबर, काँक्रीट यांच्यासाठी आहेत. नांगरलेल्या वावरात ढेकळांत ती फिरत नाहीत, नुसती घसटतात, आणि धक्के सगळे कॅबिनेटला बसतात. केळीच्या बागेत तर दर दोन हातांवर ठिबकची नळी. बांधापासून पार्टीच्या जागेपर्यंत साडेसोळा किलो हातानेच न्यावे लागणार, आणि दांड्याला धरून उचलायचं नाही. सरकणारा दांडा ओढण्यासाठी असतो, पूर्ण वजन त्यावर टांगलं की सांधा ढिला होतो. तळाला एक हात आणि मुठीला एक हात, अशीच उचल करा.

मोटारसायकलवर क्लब १२० मागे बसलेल्याच्या मांडीवर, दोघांच्या मध्ये उभा बसतो. ३२० तसा नेऊ नये, रुंदी आणि वजन दोन्हींमुळे चालवणाऱ्याचा तोल जातो. कॅरिअरवर आडवा बांधायचा असेल तर खाली जाड गोधडी, जाळी वरच्या बाजूला, आणि रबरी दोरीऐवजी पट्टा. रबरी दोरी ताणते आणि खड्ड्यात डबा उसळतो.

फेज_न्यूट्रल
बॅटरीचं बोलतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

तास बघू नका, वॅट-अवर बघा, म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज मावते ते. क्लब १२० ची बॅटरी ३४ वॅट-अवर, स्टेज ३२० ची ६८. आता ३४ ला १२ ने भागा: २.८ वॅट. म्हणजे कंपनीचे १२ तास हे सरासरी तीन वॅटसुद्धा न ओढणाऱ्या आवाजावरचे आहेत, दिवे बंद ठेवून. ६८ ला १८ ने भागलं तर ३.८. तो खोलीतल्या गप्पांमागे वाजणाऱ्या गाण्याचा आवाज झाला.

वावरात तुम्ही ७०-८० टक्क्यांवर ठेवाल. हिशोबासाठी सरासरी १० वॅट धरा: क्लबला तीन तास वीस-पंचवीस मिनिटं, स्टेजला पावणेसात तास. सतत ठोका असलेलं डीजे मिक्स लावलं तर याहून कमी. जुनी गाणी, भजनं, भावगीतं लावली तर जास्त, कारण त्यात मधे मधे शांत जागा असतात. दिवे चालू ठेवले तर त्यांचा भार वेगळा. दिवे बंद करायचं बटण स्पीकरवरच असतं, ते वावरात पहिल्यांदा दाबा. पाखरं आणि किडेही कमी येतात.

तुम्हाला चार तास हवेत. मग क्लबला एक जादा बॅटरी लागेलच. ती सुटी मिळते आणि बदलायला हत्यारं लागत नाहीत. मात्र दोन मॉडेलच्या बॅटऱ्या वेगळ्या आहेत, घेताना मॉडेल सांगूनच मागा.

पॉवर बँकेवर हे स्पीकर चार्ज होत नाहीत. आत सरळ २३० व्होल्टची वायर जाते. आणि इथेच वावरातला सगळ्यात मोठा धोका आहे, म्हणून लांबवून लिहितो. बोअरच्या स्टार्टर पेटीत थ्री फेज असतं. तिथून 'जरा एक लाइन काढून देतो' म्हणणारा कोणीतरी भेटतोच. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात. स्पीकरचा पॉवर बोर्ड २४० पर्यंतचा. न्यूट्रलऐवजी चुकून दुसरा फेज लागला की आतला कॅपॅसिटर फुटतो आणि बोर्ड जातो, वॉरंटीत ते बसत नाही. काही जण एक फेज आणि जमिनीत ठोकलेली सळई असं जोडतात. त्यात माणूस दगावतो. ओल्या सरीत अनवाणी माणसं असतात, सळईभोवतीची जमीनच जिवंत होते. वावरात बॅटरीवरच वाजवा. घरून पूर्ण भरून न्या.

लग्नाच्या मांडवात जनरेटरवर लावायचा झाला तर आधी जनरेटर सुरू करा, दिवे-पंखे लागू द्या, पाच मिनिटांनी स्पीकरची वायर लावा. बंद करताना उलटं, स्पीकर आधी काढा. जनरेटर सुरू-बंद होताना व्होल्टेज उड्या मारतं.

हतनूर
फेज_न्यूट्रल, ही माहिती वेळेवर मिळाली, स्टार्टरवरून घ्यायचं खरंच डोक्यात होतं. आठ_इंची, आमच्याकडे वांगी बडगीत ठेचेपर्यंत गाणी मागे चालू असतात, जेवताना मंद, आणि जेवण झालं की पोरं अर्धा तास नाचतात. बाकी ऐकणारेच.

आठ_इंची
मग तिसरा पर्याय मांडतो: दोन क्लब १२०. आज एक, पुढच्या वर्षी दुसरा.

दोन सारखे स्पीकर चिकटून ठेवले की खालच्या पट्टीत आवाज ६ डेसिबलपर्यंत वाढतो, वरच्या पट्टीत साधारण ३. एका स्टेजने वॅटमुळे १.८ मिळत होते, आठवा. वूफर चार होतात. वजन दोघांत वाटलं जातं, दोन गाड्यांवर जातं. एक बंद पडला तरी कार्यक्रम चालू राहतो. आणि ६० माणसांना एका टोकाला मोठ्याने ऐकवण्यापेक्षा दोन टोकांना मध्यम ऐकवणं कधीही चांगलं. जवळच्याचे कान वाचतात, लांबच्याला शब्द कळतात.

जोडणी ऑराकास्टने, म्हणजे ब्लूटूथच्याच एका बिनतारी पद्धतीने होते. या पिढीच्या दोन्ही मॉडेलांत ती आहे, १२० आणि ३२० एकमेकांनाही जोडता येतात. पण जुना पार्टीबॉक्स ११० किंवा ३१० या जोडणीत येत नाही. कोणी म्हणालं की 'माझा जुना आहे, दोन्ही जोडू', तर बिनतारी जमणार नाही. डावा-उजवा वेगळा असं स्टिरिओ हवं असेल तर दोन्ही एकाच मॉडेलचे लागतात. वावरात मात्र स्टिरिओ करू नका. डावीकडच्या पंगतीला अर्धंच गाणं ऐकू येतं. दोन्हींत सारखाच आवाज जाऊ द्या.

तापीकाठ
अर्धा तासच नाच असेल तर दोन क्लब मलाही पटतं. पण दुसरा नक्की घेणार असाल तरच. एकावरच थांबायचं असेल तर माझं मत ३२० लाच.

सोनगीर
धुळीचा प्रश्न राहिला. आयपीएक्स४ मधला पहिला अंक धुळीचा असतो, दुसरा पाण्याचा. तिथे 'एक्स' आहे म्हणजे धुळीची चाचणी सांगितलेलीच नाही. ४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे चालतात. पाइपची धार नाही, पाण्यात बुडवणं नाही. तेही मागचं रबरी झाकण पूर्ण दाबलेलं असेल तेव्हाच. पेनड्राइव्ह किंवा माइकची पिन लावली की झाकण उघडं, मग शिंतोडेही नकोत.

आपली काळी माती सुकली की पिठासारखी होते. ती जाळीतून आत जाऊन पडद्याच्या कडेच्या रबरावर बसते, बासच्या भोकातूनही ओढली जाते, कारण तिथून हवा जोरात आत-बाहेर करते. जमिनीवर थेट ठेवला तर प्रत्येक ठोक्याला समोरची माती उडताना दिसते, आणि त्यातली थोडी परत आतच येते. म्हणून खाली काहीतरी हवंच. प्लास्टिकचं केळीचं क्रेट उलटं घालून वर गोणपाटाची चौपदरी घडी, हे सगळ्यात सोपं. आवाजही उंचावर जातो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवू नका, पत्रा थरथरतो आणि गाण्यात खडखड मिसळते.

दुसरं म्हणजे धूर. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात. त्या भसकन पेटतात, राख हलकी, वाऱ्याबरोबर ठिणग्या उडतात. स्पीकर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, जाळापासून निदान १५ पावलं. जाळीमागचं कापड ठिणगीने भोकाळलं की तिथून माती सरळ आत.

साफ करताना पंक्चरच्या दुकानातली हवा मारू नका. ट्वीटरचा, म्हणजे वरच्या पट्टीच्या लहान स्पीकरचा, पडदा नाजूक असतो, कॉम्प्रेसरच्या हवेने तो आत दबतो आणि वरची पट्टी कायमची जाते. मऊ रंगाचा ब्रश घ्या, डबा पालथा म्हणजे जाळी खाली करून हलक्या हाताने झाडा, माती आपोआप खाली पडते. मग पिळून काढलेलं ओलं फडकं. थिनर, रॉकेल काही नाही. गुलाल तर त्याहून वाईट, ओलावा लागला की चिकटतो. मिरवणुकीत न्यायचा असेल तर वरून पातळ जाळीदार ओढणी बांधा, प्लास्टिक नको. प्लास्टिकने आवाजही कोंडतो आणि आतली गरमीही.

आखाजी
कानबाईच्या माइकबद्दल. दोन्ही मॉडेलांना जाड पिनचा, म्हणजे पाव इंची (६.३५ मिमी) माइक लागतो. ब्लूटूथचा खेळण्यातला माइक घेऊ नका, गाणारीचा आवाज उशिरा येतो आणि ताल सुटतो. साधा तारेचा डायनॅमिक माइक, सोबत ५ ते १० मीटर वायर. त्याला बॅटरीही लागत नाही.

बाया गोल करून बसतात, आणि मधोमध एक माइक ठेवायचा मोह होतो. तो चालत नाही. माइक तोंडापासून हातभर लांब गेला की आवाज पकडायला बटण वाढवावं लागतं, आणि मग कुंई सुरू होते. त्याऐवजी दोन माइक, पुढे होऊन गाणाऱ्या दोघींच्या हातात, तोंडापासून चार बोटांवर. मागून धरणाऱ्या बायांचा आवाज तसाही उघड्यावर पुरतो.

कुंई का होते? स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा परत स्पीकरमध्ये, असं चक्र लागतं. उपाय क्रमाने करा. पहिला, स्पीकर गाणाऱ्यांच्या पुढे दोन-तीन मीटर, तोंड ऐकणाऱ्यांकडे. गाणाऱ्यांच्या पाठीमागे कधीच नाही. दुसरा, माइकची शेपटी स्पीकरकडे राहील असं बसवा, त्या बाजूने माइक कमी ऐकतो. तिसरा, एको शून्यावर आणून मग हवा तेवढा वाढवा. चौथा, बास बूस्ट बंद. आणि सगळ्यांना एकदा दाखवून द्या की माइकचं गोल डोकं मुठीत धरायचं नाही, दांडा धरायचा. डोकं झाकलं की माइक सगळ्या बाजूंनी ऐकायला लागतो आणि कुंई लगेच येते. कुंई आली की घाबरून माइक हाताने दाबतात, त्याने ती वाढते. माइक खाली वळवा किंवा त्याचं बटण कमी करा.

मनुदेवी_पायवाट
वेळेचं पाळा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. बॅटरीवरचा ब्लूटूथ स्पीकर त्यातून सुटत नाही. वस्तीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. खाजगी जागेतून येणारा आवाज हद्दीवर त्या भागाच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त नको. वावरात शेजारी लांब असतो म्हणून निभावतं, गच्चीवर निभावत नाही. गच्चीवर स्पीकर कठड्याकडे पाठ करून, तोंड आतल्या बाजूला ठेवा.

आणि पाल, पाटणादेवी अशा अभयारण्याच्या भागात सहलीला गेलात तर तो घरीच राहू द्या. तिथल्या जनावरांना, पाखरांना तो आवाज सोसत नाही, आणि वन खातं जप्त करतं ते योग्यच करतं.

हतनूर
सगळं लिहून घेतलं. आता जळगावला दुकानात जाऊन बघणार आहे. तिथे काय तपासू? आणि भाव कसा विचारू?

आठ_इंची
तीन भाव एकदम मागा: एक स्टेज ३२०, एक क्लब १२० अधिक जादा बॅटरी, आणि दोन क्लब १२०. दोनवर घासाघीस जास्त होते.

दुकानात बंद खोलीत प्रत्येक स्पीकरचा बास गोड लागतो, त्यावर जाऊ नका. वायर काढून बॅटरीवर लावायला सांगा आणि दुकानाबाहेर फुटपाथवर न्या. तुम्हाला पाठ असलेलं एक गाणं घ्या, ज्यात ढोलकी आणि बाईचा आवाज दोन्ही आहेत. ते मोबाइलमध्ये आधीच उतरवलेलं असू द्या, नेटवरून वाजवलं तर रेंज कमी झाली की गाण्याची प्रत खालावते आणि दोष स्पीकरला लागतो. मोबाइलचा आवाज पूर्ण, कमी-जास्त स्पीकरवरून. आधी अर्ध्यावर, मग ८० टक्क्यांवर. बारा-पंधरा पावलं मागे जाऊन ऐका. शब्द कळतात का, डग्गा उरतो का? मग माइक लावून नुसतं बोला. भेसूर किंवा नाकातून बोलल्यासारखं येत असेल तर आधी दुसरा माइक लावून बघा, पुष्कळदा दोष स्वस्त माइकचा असतो.

बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो डब्यावरच्या, स्पीकरमागच्या नंबराशी जुळवा. या मॉडेलांच्या हुबेहूब नकला फिरतात.

फेज_न्यूट्रल
आणि वावरात मोबाइलचं एक. ब्लूटूथ साधारण १० मीटर धरा, मधे माणसं उभी राहिली की त्याहून कमी, कारण अंगातलं पाणी ती लहर शोषतं. मोबाइल खिशात घेऊन जाळाकडे गेलात की गाणं तुटणार. त्यासाठी जुना मोबाइल वेगळा ठेवा, विमान मोड लावून मग ब्लूटूथ चालू करा, म्हणजे मधे कोणाचा फोन वाजणार नाही. स्पीकरशेजारी उंचावर ठेवा, जमिनीवर नाही.

पांझरा
उन्हाळ्याचं कोणी लिहिलं नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, आणि लिथियम बॅटरी ४५ च्या वर चार्ज करायची नसते. दुपारी पत्र्याच्या खोलीत चार्जिंगला लावू नका. पहाटे किंवा रात्री लावा. वाजवून आल्यावर अर्धा तास गार होऊ द्या, मग वायर. काचा बंद करून उन्हात उभ्या गाडीत तर ठेवूच नका, काळा डबा तापून बॅटरी फुगते. कार्यक्रम नसतील तेव्हा अर्ध्या-साठ टक्के चार्जवर घरातल्या थंड कोपऱ्यात, दर दोन-तीन महिन्यांनी काढून पुन्हा तेवढा भरा. शून्यावर ठेवून पावसाळाभर विसरलात तर श्रावणात कानबाईला तो चालू होणार नाही.

हतनूर
एक क्लब १२० आणि एक जादा बॅटरी घेतो, दुसऱ्या क्लबचा भाव आत्ताच लिहून आणतो. एक विचारायचं राहिलं: जादा बॅटरी चार्ज करायला ती स्पीकरमध्येच घालावी लागते का?

फेज_न्यूट्रल
स्पीकरमध्ये घालूनच करा. म्हणजे पार्टीच्या आदल्या रात्री पहिली भरायची, काढून ठेवायची, आणि पहाटे दुसरी भरायची. दोन्हींवर मार्करने १ आणि २ लिहा आणि दर वेळी आलटून-पालटून वापरा, नाहीतर एक झिजते आणि दुसरी पडून खराब होते. सुटी बॅटरी नेताना तिच्या पितळी टोकांवर कागदी चिकटपट्टी लावा. पिशवीत विळी, चमचे, सांडशी यांच्यासोबत टाकायची नाही.